तीन मिनिटं झाली

ट्रंक कॉलचं, म्हणजे ऑपरेटरनं जोडून द्यायच्या परगावच्या फोनचं, तिकीट जेमतेम तळहाताएवढं असायचं. फोन कुठून, कुठे, कोणाला हवाय, साधा की अर्जंट, किती वाजता जोडला, किती वाजता संपला, एवढं त्यावर लिहायचं. आईचं अक्षर बारीक आणि उभं. डाव्या हातानं ती दोरी बोर्डाच्या भोकात खुपसायची, उजव्या हातात पेन्सिल, डोक्यावर हेडसेट आणि नजर घड्याळाकडे. मी सात-आठ वर्षांची असताना, उन्हाळ्याच्या सुटीत घरी कोणी नव्हतं म्हणून एकदा ती मला ड्यूटीवर घेऊन गेली. एका ओळीत बसलेल्या बाया, समोर पेटणारे-विझणारे दिवे, आणि दर थोड्या वेळानं कोणाच्या ना कोणाच्या तोंडून तेच वाक्य: "तीन मिनिटं झाली, आणखी बोलायचंय का?" बाहेर मे महिन्याचं नागपूर तापलं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आत कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास होता.

त्या दुपारी एक फोन अहेरीकडून आला होता. लाइन इतकी खराब, की दोन्हीकडच्यांना एकमेकांचं काही कळेना. पण मधे बसलेल्या आईला दोघांचंही थोडंथोडं ऐकू येत होतं. मग तीच बोलायला लागली. "ते विचारतात, कधी झालं? ... पहाटे. ... मुलगी. ... हो, दोघी बऱ्या आहेत म्हणतात. ... ते म्हणतात, नाव ठेवू नका, मी येतो." शेवटचं वाक्य सांगताना तिचा आवाज जरा हलला. तिकिटावर वेळ लिहिली, दोरी काढली, पुढचा दिवा पेटला होता तो घेतला.

संध्याकाळी सायकलरिक्षात मी विचारलं, "आई, बाळ कोणाचं होतं गं?"

"कोणतं बाळ?" ती म्हणाली, आणि मी पुन्हा विचारायच्या आत, "बोर्डावरचं बोर्डावर राहतं."

गेल्या वर्षी मी नोकरीतून निवृत्त झाले. दूरसंचार खात्यात लागले १९८८ मध्ये, आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं नियमन आणि धोरणाच्या कामात गेली. लक्ष्मीनगरच्या घरी परत आल्यापासून ओळखीच्या बाया विचारतात, "तुम्ही नक्की करत काय होत्या दिल्लीत?" या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

शिक्षण नागपुरातच झालं, विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेजात, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत. वर्गात मुली अगदी मोजक्या. केंद्र सरकारची अभियांत्रिकी सेवा परीक्षा दिली, गाझियाबादला प्रशिक्षण झालं आणि पहिली काही वर्षं विदर्भातच मिळाली. त्या वर्षांबद्दल मी तासन्‌तास बोलू शकते. तेव्हा सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेची छोटी ग्रामीण एक्सचेंजेस गावोगाव बसत होती. आम्ही त्याला 'रॅक्स' म्हणायचो. एका कपाटाएवढं यंत्र, १२८ पोर्टचं. परदेशी एक्सचेंजला थंडगार, धूळ नसलेली खोली लागायची. हे मात्र एसीशिवाय चालेल असंच आपल्या इंजिनिअरांनी घडवलं होतं. ज्याला विदर्भातला मे महिना ठाऊक आहे त्यालाच याची किंमत कळेल. ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या खोलीत, शेचाळीस डिग्रीत, घामानं ओल्या झालेल्या हातानं मी त्या यंत्राचं दार बंद केलं आणि आतून बारीक टिकटिक सुरू झाली, ती मला अजून ऐकू येते.

शहरातल्या भुयारी केबलचं काम वेगळं. मॅनहोलमध्ये उतरायची वेळ आली की आमचे जॉइंटर, म्हणजे केबल जोडणारे कामगार, अडवायचे. "मॅडम, तुम्ही कायले उतरता बाप्पा, आमी आहो ना." त्यात माया होती, अपमान नव्हता. पण मी उतरले नाही तर उद्या मला काहीही सांगितलं जाईल आणि ते मानावं लागेल, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. म्हणून उतरायचे. कागदाच्या वेष्टनाच्या शेकडो तारांच्या जोड्या, त्यात पावसाचं पाणी शिरलेलं, आणि मेणबत्तीच्या उजेडात एकेक जोडी सोडवणारा म्हातारा जॉइंटर. पुढे दिल्लीत कोणी मोठा माणूस "तांत्रिकदृष्ट्या हे शक्यच नाही" असं ठणकावून सांगायचा, तेव्हा मला तो जॉइंटर आठवायचा. तो कधीच 'शक्य नाही' म्हणायचा नाही. "टाइम लागन," म्हणायचा.

दिल्लीचं काम समजण्यासाठी थोडं मागे जावं लागतं. फोन जोडणारं, दर ठरवणारं आणि तक्रार ऐकणारं एकच सरकारी खातं, अशी आपली शंभर वर्षांची घडी होती. १९९४च्या धोरणानं खासगी कंपन्यांना दार उघडलं, ३१ जुलै १९९५ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, आणि अडचण लगेच उभी राहिली: खातं स्वतःच खेळाडू आणि स्वतःच पंच. म्हणून १९९७ मध्ये कायद्यानं दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे 'ट्राय' आलं. २००० मध्ये कायदा बदलून तंट्यांसाठी वेगळं अपिली न्यायाधिकरण झालं. दर, दर्जा, कंपन्यांचे आपसातले व्यवहार आणि ग्राहकाचं हित ही कामं ट्रायकडे राहिली.

मी या कामाकडे वळले तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. नवऱ्याची नोकरी नागपुरातली, सुटण्यासारखी नव्हती. आई नुकती निवृत्त झाली होती. ती म्हणाली, "तू जा. मी आहे." एवढंच. रात्री अकरानंतर एसटीडीचे दर उतरायचे, तेव्हा मी फोन करायचे. मुलगा पेंगुळलेला असायचा, तरी त्याला जागं ठेवलेलं असायचं. शाळेतलं, मित्रांचं, अंबाझरीवर पाहिलेल्या बगळ्याचं सांगत सुटायचा, आणि मागून आईचा आवाज यायचा, "तीन मिनिटं झाली." सवयीनं. बिलाची काळजी तिला नव्हती, हे मला ठाऊक होतं. फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसून राहायचे. त्या वर्षांचं दुःख अजून पूर्ण ओसरलेलं नाही, आणि कोणी "करिअर केलंत, छान झालं" म्हटलं की ते आधी वर येतं.

बैठकींचं सांगायचं तर, लांब टेबलाभोवती वीस-पंचवीस पुरुष आणि मी, असं कित्येक वर्षं होतं. एका बैठकीत पलीकडच्या बाजूचे एक गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, "जरा चहाचं सांगता का?" मी त्या बैठकीची अध्यक्ष होते. मी शिपायाला चहा सांगितला आणि कामकाजातला पहिला मुद्दा वाचून दाखवला. ते गृहस्थ पुढचा तासभर मान वर करेनात. मला वाईट वाटलं होतं, आणि ते मी कोणाला दाखवलं नाही. आज दाखवलं असतं. मागून येणाऱ्या मुलींना ते दिसायला हवं होतं.

या कामात अधिकारापेक्षा वाचनाला जास्त महत्त्व आहे. कोणताही नियम करायचा तर आधी विचारविनिमयाचा मसुदा काढायचा, प्रश्न मांडायचे, लेखी मतं मागवायची, मग एकाच्या मतावर दुसऱ्याचं प्रतिमत, मग खुली चर्चा. कंपन्यांकडून वकिलांनी घडवलेली शेपन्नास पानं येतात. एखाद्या निवृत्त मास्तरांकडून अर्ध्या पानाचं पत्र येतं. ते अर्धं पान वाचलं जाणार की नाही हे त्या खुर्चीत बसलेल्या माणसावर ठरतं. २०१५ मध्ये इंटरनेटच्या समान वागणुकीचा प्रश्न निघाला, तेव्हा दहा लाखांहून जास्त ईमेल आले. एवढी माणसं एका तांत्रिक मसुद्यावर बोलली, असं आपल्याकडे आधी कधी झालं नव्हतं. ८ फेब्रुवारी २०१६ला नियम आला: मजकूर बघून डेटाचा दर कमी-जास्त करायचा नाही. काही मोजकी संकेतस्थळं फुकट आणि बाकीच्यांना पैसे, हा मार्ग बंद झाला. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. गरिबाला अर्धं इंटरनेट देऊन त्यालाच पूर्ण म्हणायला लावणं मला कधीच पटलं नसतं.

पण माझं मन गुंतलं ते सरासरीच्या प्रश्नात.

कॉल मधेच तुटण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत हवं, असा दंडक होता. कंपन्यांचे अहवाल यायचे आणि बहुतेक ठिकाणी तो पाळलेला दिसायचा. मग लोक ओरडत का होते? कारण ही टक्केवारी अख्ख्या परिमंडळाची सरासरी होती. आपलं परिमंडळ म्हणजे मुंबई वगळून महाराष्ट्र आणि वर गोवा. पुण्याचं हिंजवडी, पणजीचा किनारा आणि गडचिरोलीतलं भामरागड, सगळ्यांची बेरीज करून भागाकार. शिवाय 'तुटलेला कॉल' मोजायचा तर तो आधी लागायला हवा. जिथे रेंजच नाही तिथे कॉल लागत नाही, म्हणून तुटतही नाही. कागदावर ते गाव निर्दोष ठरतं. आणखी एक बारकावा होता. सिग्नल गेल्यावर यंत्रणा काही सेकंद वाट बघते आणि मग कॉल तुटला असं नोंदवते. ती वाट लांबवली, की माणूस "हॅलो, हॅलो" करत कंटाळून स्वतःच फोन ठेवतो. नोंद होते: ग्राहकानं फोन ठेवला.

ट्रंक बोर्डावर असं होऊच शकलं नसतं. तिथे एका कॉलचं एक तिकीट होतं, आणि जोडला गेला नाही त्या कॉलचंही तिकीट असायचं.

एका हिवाळ्यात मी ड्राइव्ह टेस्टच्या गाडीतून पूर्व विदर्भात फिरले. गाडीत ओळीनं हँडसेट लावलेले, ते आपोआप कॉल करतात, तोडतात, पुन्हा करतात, आणि लॅपटॉपवर रस्त्याच्या रेषेवर हिरवे-पिवळे-लाल ठिपके उमटत जातात. नागपूरपासून बराच वेळ सगळं हिरवं होतं. एका फाट्यावर चहाला थांबलो, तर तिथे एक आशाताई बसची वाट बघत उभी होती. गाडीवरची अँटेना बघून तिनं विचारलं, आम्ही काय करतो. मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग आमच्या गावात चला ना. इथं मोजून काय फायदा? आमचं गाव रोडावर नाही."

गाव रस्त्यापासून दीडेक किलोमीटर आत होतं. गेलो. तिच्या घरामागे एक कडुलिंब. त्याच्या बुंध्यात डोक्याच्या उंचीवर खिळा ठोकलेला, खिळ्याला प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत फोन. "इथंच टावर भेटते," ती म्हणाली. घंटी वाजली की घरातून धावत यायचं. दिवस भरलेल्या बाईला कळा सुरू झाल्या, की रात्री टॉर्च घेऊन याच झाडाखाली उभं राहून १०८ला फोन लावायचा. पावसाळ्यात पिशवीवर आणखी एक पिशवी. बुंध्यावर खिळ्याच्या खाली बोटभर रुंद गुळगुळीत पट्टा होता. लोक फोन लावताना तिथे हात टेकवून टेकवून झालेला. मी त्यावर हात ठेवला. आमच्या लॅपटॉपवर तोवरचा प्रवास हिरवागार दिसत होता.

२०१५च्या ऑक्टोबरात ट्रायनं नियम केला होता की कॉल तुटला तर कंपनीनं ग्राहकाला एक रुपया द्यायचा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. तो १ जानेवारी २०१६पासून लागू व्हायचा होता. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये तो मनमानी ठरवून रद्द केला. मला तेव्हा फार लागलं होतं. आता वाटतं, कोर्टाचं म्हणणं आम्ही शिकण्यासारखं होतं: दोष कोणाचा हे सिद्ध न करता दंड लावायचा नसतो. आधी मोजणं सुधारायला हवं होतं. ते १ ऑक्टोबर २०१७पासून बदललं. अख्ख्या परिमंडळाच्या सरासरीऐवजी प्रश्न असा झाला की दहापैकी नऊ सेलमध्ये, म्हणजे टॉवरच्या अँटेनांनी वाटून घेतलेल्या छोट्या टापूंमध्ये, दहापैकी नऊ दिवस, तुटण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या आत आहे का? वाईट सेल चांगल्या सेलच्या मागे लपू शकेना. २०२४च्या नियमांनी कंपन्यांना आपल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर मांडायला लावले, आणि एखाद्या जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून जास्त बंद पडली तर ग्राहकाला भाड्यात सूट द्यायला लावली. या कामात अनेकांचे हात लागले, माझा त्यातला एक. दहावा सेल अजून उरलाच आहे, आणि मला शंका आहे की तो कडुलिंब त्याच दहाव्यात असावा.

सरासरीचं दुसरं टोक घरात आहे. देशात १०० कोटींहून जास्त मोबाइल जोडण्या आहेत, पण शहरात माणसांपेक्षा जोडण्या जास्त, तर खेड्यात शंभर माणसांमागे साठच्या आसपास. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ या काळात, स्वतः वापरता येईल असा फोन असलेल्या स्त्रिया निम्म्याहून थोड्याच जास्त निघाल्या. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया तर दर तिघींत एक, आणि पुरुष ५७ टक्के. धोरणाच्या बैठकीत 'घरटी जोडणी' असा शब्द असतो. घरटी म्हणजे घरातल्या कोणाकडे? हा प्रश्न मी इतक्यांदा विचारला, की पुढे पुढे मी तोंड उघडायच्या आत लोक तो माझ्या वतीनं विचारायला लागले. त्याचा मला आनंद आहे.

मोठ्या पदांवर बाया आल्या, हळूहळू. अरुणा सुंदरराजन दूरसंचार सचिव असताना २०१८चं राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरण आलं. त्याआधी ग्रामपंचायतींना फायबरनं जोडण्याचं कामही त्यांनी सांभाळलं होतं. आणि २९ सप्टेंबर २०२२ला बुखारेस्टमध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या महासचिवपदी डोरीन बोगडान-मार्टिन निवडून आल्या, १७२ पैकी १३९ मतांनी. हा संघ १८६५चा, तारायंत्राच्या काळातला. दीडशेहून जास्त वर्षांत पहिल्यांदा तिथे बाई. मी बातमी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "जगभर बोर्डावर बायाच होत्या ना पण?" खरं होतं. आवाज जोडायला बाया चालत होत्या. दर कोण ठरवणार, तार कुठून जाणार, हे ठरवायला इतका वेळ लागला.

आईचं ते "बोर्डावरचं बोर्डावर" मला नोकरीत खूप उशिरा समजलं. सरकारनं लोकांचे फोन ऐकण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये बंधनं घातली, २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी १८८५च्या तार कायद्याची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदाही. कायद्यांच्या भाषेवर मी दिवसचे दिवस बसले आहे. संमती, हेतू, साठवणुकीची मुदत. आणि एक बाई सदतीस-अडतीस वर्षं अख्ख्या शहराची बाळंतपणं, मरणं, मोडलेली लग्नं, बुडालेले व्यापार कानावर घेत होती आणि घरी येऊन वरण-भाताचा कुकर लावत होती. इतवारीतल्या कोणत्या पेढीचं दिवाळं निघतंय हे तिला पेढीवाल्याच्या भावाआधी कळत असेल. आमच्या घरात त्यातला एक शब्द आला नाही. कायद्याची भीती होतीच, पण त्यासाठी ती गप्प राहिली असं मला वाटत नाही.

गेल्या महिन्यात मी बर्डीवरून परतले, तर आई फोनच्या टेबलाशी बसली होती. कोणीतरी फोन केला होता. "ट्रायमधून बोलतोय, तुमच्या नंबरावर गुन्हा आहे, दोन तासांत फोन बंद होईल, एक दाबा." मग दुसरा माणूस, पोलीस म्हणवणारा, व्हिडिओवर या म्हणाला. ट्राय असा फोन कोणालाही करत नाही, हे मी किती व्याख्यानांत सांगितलं आहे. पण याच फोनवर आयुष्याची कमाई घालवून बसलेली म्हातारी माणसं याच शहरात आहेत, शिकलेली, शहाणी. माझ्या पोटात गोळा आला.

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, तुमचा आवाज एका जागेहून येत नाहीये. पहिला माणूस आणि दुसरा माणूस एकाच खोलीत आहेत, मागे तोच पंखा वाजतोय. त्यानं ठेवला."

टेबलावर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाचा चौकोनी तुकडा होता, तळहाताएवढा. बारीक, उभ्या अक्षरात त्यावर लिहिलं होतं: समोरचा नंबर. आपला नंबर. लागला, ११.४२. संपला, ११.४५.

मी चष्मा लावला, संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर फसव्या फोनची तक्रार करायचं 'चक्षु' उघडलं आणि तो कागद समोर ठेवून एकेक आकडा भरायला घेतला. आई शेजारी बसून तपासत होती.